मदत हवी आहे: भावाला व्यसनमुक्ती केंद्रात कोर्टामार्फत ॲडमिट करायचं की आधीच?

पुढच्या मंगळवारी शिवाजीनगर कोर्टात तारीख आहे. वकील म्हणतात थांबा, कोर्टच पाठवेल. आई म्हणते उद्याच नेऊन टाक. भाऊ म्हणतो मला काही झालेलंच नाही. कोर्टातून गेला तर केस मिटते का? लवकर सांगा, रजा दोनच दिवस आहे.

कोथरूडकर: केस कसली? काय सापडलं, किती, कलमं कोणती? मुद्द्याचं तेवढं लिहायचं राहिलं.

रानवाटा: गावी धाडा. मावसभाऊ मुळशीत भातलावणीला जुंपला, दोन महिन्यांत दारू सुटली.

कोथरूडकर: दारूचं कोणी विचारलंय का?

धागाकर्ती: सॉरी, घाईत राहिलं. एमडी (मेफेड्रोन, नशेचं ड्रग), दीड ग्रॅम. कलम २२ आणि २७. वय २३.

जुना_अशील: एमडीची 'अल्प मात्रा' २ ग्रॅमपर्यंत, आणि वजन भेसळीसकट धरतात. म्हणजे थोडक्यात वाचलात. आता एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याचं कलम ६४अ वाचा: व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर अशा खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले की सूट जाऊ शकते. वकील म्हणतात ते बहुधा कलम ३९. ते दोषी ठरल्यावर लागतं, आणि तिथेही त्याची संमती लागतेच. थांबून काय मिळवणार? पण आईने 'नेऊन टाकणं' म्हणजे स्वतःहून नव्हे.

परत_आलो: स्वतःहून वगैरे कागदावर. मला मेव्हण्यांनी रिक्षात कोंबून नेलं होतं. पहिले आठ दिवस सगळ्यांना शिव्या घातल्या, नवव्या दिवशी ग्रुपमध्ये तोंड उघडलं. आज नऊ वर्षं झाली.

जुना_अशील: तुमच्यावर केस होती का?

परत_आलो: नव्हती.

जुना_अशील: मग?

परत_आलो: मग काय! माणूस आधी वाचवा, कलमं नंतर.

पेठेतली: मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला फोन करून बघा. १९८६ पासून हेच काम करताहेत. माझ्या नणंदेला तिथल्या 'सहचरी' या, व्यसनींच्या बायकांच्या गटाचा फार आधार झाला. घरच्यांनाही लागतं हो काहीतरी.

चाकरमानी: अवांतर: मंगळवारी गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही. मेट्रोने जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्टेशनला उतरा.

रानवाटा: शेतीचं कोणी मनावरच घेत नाही.

धागाकर्ती: वकिलांना ६४अ विचारलं. "बघू" म्हणाले. भावाला जुना_अशील यांचा प्रतिसाद वाचायला दिला. म्हणाला, केंद्राला सरकारी मान्यता आहे की नाही ते आधी बघ, मग बोलू. ती कुठे तपासायची?

कोथरूडकर: १४४४६ ला, सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला, फोन लावा. आणि फोन त्यालाच करू द्या.