शून्यबिंदू दुर्बिणीतून दिसत नाही
‘टिळक पंचांग बरोबर की चित्रापक्षीय, हे वेधशाळेने वेध घेऊन एकदाचे सांगून टाकावे, म्हणजे श्रद्धेचा प्रश्नच उरणार नाही’ हे मत अर्धेच पटते. वसंतसंपात (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होताना सूर्य ज्या बिंदूवर असतो तो) वर्षाला सुमारे ५० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मागे सरकतो, हे वेधांनी ठरते आणि दोन्ही पक्षांना ते मान्यच आहे. परंतु निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेल्या, राशिचक्राचा आरंभ टिळक पंचांगाप्रमाणे रेवती नक्षत्राच्या योगतारेपाशी (मुख्य ताऱ्यापाशी) धरायचा की चित्रापक्षाप्रमाणे चित्रा ताऱ्याच्या समोर १८० अंशांवर, हे कोणताही वेध ठरवू शकत नाही, कारण तो मुळात माणसांनी ठरवलेला संकेत आहे. या दोन आरंभांत सुमारे ४ अंशांचे अंतर असल्याने टिळक पंचांगात मकरसंक्रांत १४ ऐवजी १० जानेवारीच्या सुमारास येते, आणि एखाद्या वर्षी भाद्रपदाच्या वेळी अमावास्या नेमकी या दोन पक्षांच्या संक्रांतींच्या (सूर्याच्या राशिप्रवेशांच्या) मध्ये पडली की अधिकमास बदलून रत्नागिरीकडच्या काही घरांत गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी बसतात. (चंद्र मात्र दोघांचा एकच!)

मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीनेसुद्धा १९५५ च्या अहवालात २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला हे अयनांश (वसंतसंपात आणि निरयन आरंभ यांतले अंतर) धरले, ते सर्वांना एका गणिताखाली आणण्याच्या सोयीचा निर्णय म्हणून.