ऑटिझम असलेल्या मुलाला इमॅजिकाला न्यावं का? कोणी नेलंय?

अमळनेरची_आई:
नमस्कार मंडळी. माझा मुलगा ८ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलतो पण दोन-तीन शब्दच. मेच्या सुट्टीत जेठांच्या पोरांनी खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कचा हट्ट धरलाय आणि सासूबाई म्हणतात याला माझ्याजवळ ठेवा, त्याचेही हाल अन् तुमचेही. मला ते पटत नाहीये. गोल फिरणारं काहीही त्याला लई आवडतं, रसवंतीचं चाक तर तासभर बघत उभा राहतो. पण रांगेत ५ मिनिटं थांबत नाही, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पलंगाखाली. खायला फक्त साधी खिचडी आणि केळीचे वेफर्स, तेही मसाल्याचे नाही. रात्रीच्या रेल्वेने कल्याण, पुढे गाडी करायचं ठरतंय. एवढं तिकीट काढून अर्ध्या तासात परत फिरावं लागलं तर घरचे वर्षभर ऐकवतील. काय करू?

धुळ्याचा_पप्पा:
ताई न्या. पण माझी चूक करू नका. आम्ही एका पार्कात गेलो होतो (नाव नको), त्याआधी महिनाभर पोराला तिथल्या मोठ्या चाकाचा व्हिडिओ दाखवला, म्हटलं तयारी होईल. तयारी अशी झाली की त्याला तेच चाक पाहिजे, आणि नेमकं त्या दिवशी ते दुरुस्तीला बंद. गेटजवळच लोळण, डोकं आपटणं, आणि लोक मोबाईल काढून शूटिंग करतायत. आता आम्ही फोटोंची कार्डं करतो आणि त्यात एक लाल फुलीचं कार्ड असतं, 'आज बंद'. घरीच सराव केला, रसवंती बंद, दुकान बंद, पंखा बंद. दोन-तीन महिने लागले पण कळायला लागलं.
अजून एक, मनगटाला कागदी पट्टा बांधतात तो याने दातांनी तोडला. आता ४ दिवस आधीपासून राखी बांधून ठेवतो, तरी नाही जमलं तर पायात मोज्यावर बांधा म्हणून गेटवर विनंती करतो.

रावेरचा_केळीवाला:
एवढा खर्च कशाला, मळ्यात मोटार चालू करून हौदात सोडा, दिवसभर खुश

चोपड्याची_टीचर (सध्या नाशिक):
भाऊ, हौदात सोडा पण कोणीतरी हाताच्या अंतरावर पाहिजेच. यातली बरीच मुलं पाण्याकडे ओढली जातात आणि धोका कळत नाही, विहीर-हौद आहे तिथे तर नजर हलवायचीच नाही. वॉटरपार्कलाही तेच.
ताई, मी स्पेशल टीचर आहे. मंगळवार-बुधवार धरा, शनिवार-रविवार नकोच. आधी पार्कला फोन करून मुलाबद्दल सांगा, काय सोय करतील ते विचारा, आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव लिहून ठेवा. रांग कमी करायला एक्स्प्रेस तिकीट असतं पण महाग आहे, सगळ्यांचं काढू नका, तो आणि एक मोठं माणूस बस्स. आधी घोड्यांच्या कॅरोसेलकडे न्या. डीप स्पेस, सलीमगढ हे अंधारातले प्रकार बाकीच्या पोरांना करू द्या. आवाजाला कारखान्यात घालतात तसले इअरमफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, घरी कुकर लावताना घालून सवय करा. आणि टॉयलेटमधलं हात वाळवायचं मशीन!! राईडपेक्षा त्यालाच जास्त घाबरतात, रुमाल न्या. भडक शर्ट, सकाळी त्याच कपड्यांत एक फोटो, दंडावर पेनाने तुमचा मोबाईल नंबर.
यूडीआयडी, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्र, आहे ना?

अमळनेरची_आई:
नाही हो. सासरे म्हणतात सर्टिफिकेट काढलं की पोरावर शिक्का बसतो.

चोपड्याची_टीचर:
शिक्का लोक कार्डाशिवायही मारतात. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात ऑटिझम आहे. अर्ज ऑनलाइन करायचा, तपासणी सरकारी दवाखान्यात. सासऱ्यांना 'निरामय' सांगा, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. पैशाचं लवकर पटतं मोठ्यांना.

धुळ्याचा_पप्पा:
आणि ताई, अमळनेरला राहून खोपोलीची घाई काय, पोऱ्याले आधी आपली गावनी जत्रा दखाडा ना! वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा असते, बोरीच्या पात्रात पाळणे लागतात. दुपारी ४ ला जा, ऊन असतं पण गर्दी नसते. पाळणा, भोंगा, धूळ, सगळा सराव तिथेच, आणि नाही जमलं तर १० मिनिटांत घरी.

अमळनेरची_आई:
काल गेलो होतो! इअरमफ घालून. पाळणेवाल्या दादाने गिऱ्हाईक नसतानाही रिकामा पाळणा फिरवून दाखवला. हा बसला नाही, पण पाऊण तास रेतीत मांडी घालून बघत होता आणि येताना रिक्षात 'अजून' म्हणाला, जो शब्द तो फक्त खिचडीला वापरतो. नवरा म्हणतो इमॅजिकालाही नुसता बघत बसेल मग तिकीट कशाला. मी म्हटलं बाकीचे बसतील, आम्ही दोघं बघू. जूनच्या पहिल्या आठवड्यातला बुधवार ठरवलाय.
आता एकच राहिलं, आत खिचडीचा डबा नेऊ देतात का?

चोपड्याची_टीचर:
बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत अडवतात. डॉक्टरची चिठ्ठी घ्या, त्यावर 'ठराविकच खातो' लिहून घ्या, आणि त्याच फोनमध्ये हेही विचारून ठेवा. वेफर्स मात्र दोन पाकिटं जास्त न्या, जेठांची पोरं संपवतील.