'ग्राउंडवर पाठवा, ठीक होईल' म्हणणाऱ्यांसाठी

मनीषनगरची मावशी
काल इथे कोणी लिहिलं, 'पोरांचं डिप्रेशन मोबाईलवरच्या उपचारानं घालवणं म्हणजे दारू सोडवायला बारमध्ये नेणं. ग्राउंडवर पाठवा, ठीक होईल.' वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ, ग्राउंडवर जायला पोरगं आधी गादीवरून उठायला पाहिजे ना! माझी भाची अकरावीत. हिवाळाभर पडदे लावून पडून होती. समुपदेशक बाईंनी ऑनलाइनच उपचार सुरू केले. कोणत्या वेळी काय केलं अन् मन कसं होतं ते वहीत लिहायचं, शून्य ते दहा. 'दुपारी पलंगावर मोबाईल: 2. संध्याकाळी आजीसोबत मेथी निवडली: 5.' त्या पाचावरून पुढचं ठरलं. रोज आजीजवळ एक काम, मन असो नसो. हातातलं करणं सुटलं की त्यातून मिळणारं बरं वाटणंही सुटतं, मग पोर आणखी आत जातं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेविनसोन यांनी 1970च्या दशकात हेच मांडलं. उपचारात मोबाईल फक्त बाईंशी बोलायला होता.

सक्करदरा_सचिन
ताई, पोस्ट माझीच. भाचीला बरं वाटलं, चांगलंच झालं. पण एका पोरीवरून सगळ्यांना कसं लावता? या पद्धतीसाठी स्वीडनच्या ज्या ऑनलाइन अभ्यासाचं नाव घेतात, त्यात 13 ते 17 वर्षांची मुलं होती फक्त 32. तिकडे आईबापांनाही सोबत धडे असतात. इथे बाप म्हणते, 'नाटकं करून राहिला.'

बजाजनगर_वाचक
तो सुरुवातीचा छोटा अभ्यास होता, 10 आठवड्यांचा. पद्धत मात्र जुनी आहे. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या गटानं वैद्यकीय शिक्षण नसलेल्या समुपदेशकांकडून 6 ते 8 भेटींत हेच करून घेतलं, फरक पडला.

सक्करदरा_सचिन
ती मोठी माणसं होती ना? अन् समोरासमोर? प्रश्न पोट्ट्यांचा आहे.

बजाजनगर_वाचक
हो, मोठीच. समोरासमोरच. तेवढं तुमचं बरोबर.

तर्री_कॉर्नर
अन् वेळ कुठं आहे? डमी ॲडमिशन (नाव कॉलेजात, पोरगं क्लासमध्ये), सकाळपासून क्लास, रविवारी टेस्ट. पोट्टं उदास काहून नाही होणार? आधी क्लासवाल्यांना आवरा!

निवृत्त_मास्तर
डमी ॲडमिशन मागायला पालकच येतात. अकरावीचे वर्ग ओस पडलेले मी पाहिले आहेत. स्नेहसंमेलन नाही, खेळ नाही, मित्र नाहीत. फी कोण भरतं?

तर्री_कॉर्नर
मी भरली, कर्ज काढून! प्रायव्हेट मेडिकलची फी पाहा, मग बापाला दोष द्या. पेन्शनवर बसून बोलणं सोपं आहे.

निवृत्त_मास्तर
पेन्शनवर घसरू नका. मी पोरांची तोंडं पाहून बोलतोय.

मनीषनगरची मावशी
दोघंही थांबा, क्लासवर वेगळा धागा काढा. भाचीचाही क्लास होता. बाईंनी एवढंच ठरवलं, सुटल्यावर मैत्रिणीसोबत रसवंतीवर थांबायचं. पहिल्यांदा तेही जमलं नाही.

नंदनवनची_मुक्ता
सचिनकाका, मुलीनं कोणत्या ग्राउंडवर जायचं? मे महिन्यात पारा 45च्या घरात, अन् अंधार पडला की घरचे बाहेर सोडत नाहीत. पण मावशी, ऑनलाइनही मला जमलं नाही. घरात एकच फोन, दादाचा. तो बाजूला बसलेला. मी दर वेळी 'बरं आहे' म्हणून ठेवून द्यायची.

बजाजनगर_वाचक
मुक्ताची अडचण खरी आहे. आणखी एक. जीव द्यायचे विचार असतील तर वही भरत बसू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आपल्या नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. 'लोक काय म्हणतील' यात घरचे फार वेळ घालवतात.

सक्करदरा_सचिन
नंबर घेतला. पलीकडे माणूस असेल, दर आठवड्याला विचारपूस करत असेल, तर तेवढ्यापुरतं माझं म्हणणं मागे. नुसतं ॲप टाकून देण्याला विरोधच राहील. अन् मुक्ताच्या फोनचं सांगा.

मनीषनगरची मावशी
भाचीचीही सुरुवातीला तीच गत होती. बाईंनी तिला बोलायच्या ऐवजी मेसेज लिहायला सांगितलं. कॉल असला की मी तिला माझ्याकडे बोलवायची, माझा फोन द्यायची अन् आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. मुक्ता, तुझी मावशी, आत्या, मैत्रिणीची आई, असं कोणी जवळ आहे का?