सशाच्या अंगावर उवा झाल्यात, रानसशाच्या पिल्लामुळं झाल्या का?

अंबाजोगाईची_ताई:
नमस्कार सगळ्यांना. पोळ्याच्या बाजारातून लेकरांसाठी पांढऱ्या सशांची जोडी आणली होती, लाल डोळ्यांची. मग दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन काढताना आमच्या दीरांना रानसशाचं पिल्लू घावलं, मुठीएवढं, कुत्रं धरील म्हणून ते घरी घेऊन आले अन् आम्ही ते याच पेटीत ठेवलं. आज चौथा दिवस आहे अन् मादी सारखी मान खाजवायलीय, मानेमागचे केस विरळ झालेत. फुंकर मारून केस बाजूला सारून बघितलं तर तपकिरी किडे, तिळाहून बारीक, अन् केसांना पांढरे कण चिकटलेले, झटकले तरी पडत नाहीत, दोन नखांत धरून ओढावे लागायलेत. सासूबाई म्हणायल्यात रानातल्या सशानं घाण आणली, सगळेच सोडून द्या माळावर. शेजारचे भाऊ म्हणले बैलाला गोचिडासाठी लावतो ते औषध चोळा. माझी लेक दुसरीत आहे, सशाला मांडीवर घेऊनच बसती, तिच्या केसात जातील का याची लय भीती वाटायलीय, रात्री दोनदा फणी फिरवली तिच्या डोक्यात. कुणाला माहिती असंल तर लवकर सांगा.

पशुवैद्य_उदगीर:
ताई, आधी लेकीचं सांगतो, काळजी सोडा. ही सशाची ऊ आहे, माणसाच्या डोक्यात राहत नाही. उवा ज्याच्या त्याच्या ठरलेल्या असतात, माणसाची माणसाला, म्हशीची म्हशीला. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ही हिमोडिप्सस व्हेंट्रिकोसस वाटतेय. पहिल्या शब्दाचा अर्थ रक्ताची तहान असलेली अन् दुसऱ्याचा मोठ्या पोटाची. १८४२ साली इंग्लंडच्या हेन्री डेनींनी तिचं वर्णन केलं होतं. दीड-दोन मिलिमीटरची, पंख नाहीत, उडी मारत नाही, फक्त सरपटते, त्यामुळं एका सशाकडून दुसऱ्याकडं अंगाला अंग लागूनच जाते, नाहीतर एकाच गवतावर दोघं झोपले तर.

आता रानसशाच्या पिल्लाचं. हिशेब बसत नाही बघा. लीख फुटायलाच साधारण आठवडा लागतो, मग पिल्लू तीनदा कात टाकतं तेव्हा मोठी ऊ होते, सगळं मिळून दोन ते पाच आठवडे. चार दिवसांत एवढ्या उवा, लिखा अन् वर केस विरळ होणं शक्यच नाही. उवा बाजारातूनच आल्यात, पेटीत दाटीनं ठेवलेल्या जनावरांत त्या वाढतात.

अन् दुसरी गोष्ट, आपण मराठीत दोघांनाही ससाच म्हणतो पण ही दोन वेगळी जनावरं आहेत. तुमचा पांढरा ससा हा स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशाचा वंशज, ही ऊ पण मूळची त्याचीच. ती रानातली आहे पण आपल्या रानातली नाही. आपल्या माळावरचा ससा बीळ करत नाही, गवतात खळगा करून बसतो, त्याचं पिल्लू जन्मतः केसाळ अन् उघड्या डोळ्यांचं असतं. पांढऱ्या सशाचं पिल्लू उघडंनागडं, डोळे मिटलेलं. दोघांना एका पेटीत ठेवू नका, आजच वेगळे करा.

एक विचारतो, भिंगातून बघता येईल का? डोकं छातीपेक्षा अरुंद असेल तर रक्त पिणारीच ऊ. अन् लिखा कातडीला लागून आहेत की केसावर वरपर्यंत?

कपाशीवाला_परभणी:
ताई ते गोचिडाचं औषध चोळू नका, हात जोडून सांगतो. माझ्या पुतण्यानं दोन वर्षांमागं असंच केलं होतं, सशाला उवा झाल्या तर कपाशीवर फुलकिड्यासाठी फवारतो त्या फिप्रोनिलचं पाणी करून फडक्यानं अंगाला लावलं, कुणीतरी सांगितलं की कुत्र्याच्या गोचिडाच्या औषधात पण हेच असतंय. असतंय खरं, पण सशाला चालत नाही. ससा अंग चाटतो, सगळं पोटात गेलं, दुसऱ्या दिवशी खाणं सोडलं, मग झटके यायला लागले, डॉक्टरकडं नेईपर्यंत गेला. पोरगं आठ दिवस नीट जेवलं नाही. तो पांढरा जीव अजून डोळ्यापुढं येतो म्हणून एवढं लिहायलोय.

माळरान_धाराशिव:
पिल्लाबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो. रानसशीण पिल्लाजवळ बसून राहत नाही, दिवसभर लांब असती अन् अंधार पडल्यावर येऊन पाजून जाती, म्हणून ते एकटं दिसलं तरी टाकून दिलेलं नसतंय. काढणीत सापडलं तर उचलून त्याच शेताच्या बांधावर गवतात ठेवायचं एवढंच. अन् १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानससा घरी ठेवता येत नाही, प्रेमानं ठेवला तरी. चार दिवस झालेत, आई आता येईल का नाही सांगता येत नाही, म्हणून वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन लावा, ते सांगतील तसं करा. गायीचं दूध पाजू नका, पोट बिघडतं.

आणि सासूबाईंना सांगा पांढरे ससे माळावर सोडले तर एक रात्र पण टिकणार नाहीत, कोल्हं नाहीतर कुत्रं उचलतंय. त्यांना दडायचं माहीतच नाही.

अंबाजोगाईची_ताई:
सगळ्यांचे लय आभार. शाळेतून भिंग आणलं. डोकं बारीक, निमुळतं, छाती रुंद, पोट फुगलेलं अन् आतून काळपट लाल दिसायलंय, पायाच्या टोकाला आकडा अन् त्या आकड्यात केस पकडून ठेवलेला, काडीनं हलवलं तरी सोडत नव्हती. लिखा कातडीजवळ पण आहेत अन् केसाच्या पार वरच्या टोकाकडं पण, वरच्या मोकळ्या, पारदर्शक. नर चांगला आहे, त्याच्यावर एक-दोनच. मादीवर एवढ्या का?

पशुवैद्य_उदगीर:
शाब्बास ताई, अगदी बरोबर बघितलंत. लीख कातडीजवळ चिकटवलेली असते, केस वाढला की ती वर सरकते, म्हणजे टोकाजवळच्या मोकळ्या लिखा कितीतरी जुन्या. रानातलं पिल्लू यायच्या आधीच्या.

मादीचं विचारलंत ते महत्त्वाचं आहे. निरोगी ससा दिवसभर अंग चाटून दातानं उवा काढत असतो. उवा वाढल्या तर तो स्वतःला साफ करू शकत नाहीये असं समजायचं, दात वाढलेत का, पाय दुखतोय का, गाभण आहे का ते तपासून घ्या. ओठ उचलून हिरड्या बघा, पांढुरक्या असतील तर रक्त कमी झालंय, मग थांबू नका. लहान पिल्लं असती तर जास्त धोका होता. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यक कॉलेजचा दवाखाना जवळ पडेल तिथं न्या, दोघांनाही न्या, नर चांगला दिसला तरी. सहसा आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कातडीखाली देतात, वजनावर डोस असतो, अंदाजानं घरी देऊ नका. लिखा त्यानं मरत नाहीत म्हणून १०-१४ दिवसांनी परत द्यावं लागतं, लोक दुसऱ्यांदा येत नाहीत अन् मग म्हणतात औषध लागू पडलं नाही. पेटीतलं गवत, गोणपाट जाळून टाका, पेटी कडक उन्हात ठेवा, अंगावरून उतरलेली ऊ थोडेच दिवस जगते. आंघोळ घालू नका, ससा घाबरून गार पडतो. बारीक फणीनं हलक्या हातानं विंचरलंत तर चालेल.

नाकावर, कानाच्या कडेला पांढरी खपली दिसली तर ती खरूज, तिची माणसाला पण काही दिवस खाज येते, ते मात्र डॉक्टरांना दाखवा.

अंबाजोगाईची_ताई:
हिरड्या गुलाबी आहेत, खपली नाही. १९२६ ला फोन केला, उद्या सकाळी माणूस येतो म्हणले, पिल्लू तोपर्यंत वेगळ्या टोपलीत ठेवलंय, वरून सुती पदर टाकला. परवा गुरुवारी दीर गाडीवरून दोन्ही ससे परभणीला नेणार आहेत. सासूबाईंना भिंगातून ऊ दाखवली, त्या बराच वेळ बघत बसल्या, मग म्हणल्या पिल्लाला उगंच बोलले मी.