हिरव्या मिरचीचे फायदे सांगता, मग ताटात बाकी काय आहे तेही सांगा

वावरवाला (यवतमाळ):
रोज दोन हिरव्या मिरच्या खा, वजन उतरेल, शुगर आटोक्यात राहील, हृदय दणकट होईल, आयुष्य वाढेल, असे व्हिडिओ गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरून राहिले आहेत. मला ते पटत नाही आणि रागही येतो. आमच्याकडे निंदणाला येणाऱ्या बायांचा डबा उघडून पाहा. ज्वारीची भाकर, मिरची, मीठ, जमलं तर कांदा. वरण नाही, भाजी नाही. मिरचीत एवढा गुण असता तर याच बायांना रक्त कमी म्हणून गोळ्या कशाला लागल्या असत्या? मिरची कोरडी भाकर घशाखाली उतरवते, एवढंच तिचं काम. जेवण झाल्यासारखं वाटतं आणि तुरीचं वरण नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

उपकेंद्रातली ताई (वाशीम):
दादा, ताटाबद्दलचं म्हणणं मान्य. "एवढंच तिचं काम" हे मात्र मान्य नाही. ज्वारीत लोह असतं, पण तिच्यातलंच फायटेट (धान्यातला लोह धरून ठेवणारा घटक) ते अंगी फारसं लागू देत नाही. त्याच जेवणात सी जीवनसत्त्व असलं की लोह जास्त शोषलं जातं. वजनाला वजन धरलं तर कच्च्या हिरव्या मिरचीत ते लिंबापेक्षा जास्त असतं. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांनी हे जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात काढलं ते पॅप्रिका मिरचीतूनच, आणि 1937 चं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे त्या कोरड्या डब्यातली मिरची ही कामाची वस्तू आहे. गरोदर बायांना मी मिरची सोडा असं सांगत नाही. जेवणावर लगेच चहा घेऊ नका हे सांगते, कारण चहा लोह अडवतो.

वावरवाला:
वजनाला वजन धरून कोण खातं, ताई? चार मिरच्या म्हणजे वीसेक ग्रॅम. शंभर ग्रॅमला शंभर मिलिग्रॅम धरलं तरी पदरात वीस मिलिग्रॅम. तेही कच्ची खाल्ली तर. बहुतेक घरी मिरच्या तव्यावर तेलात भाजून, लसूण-मीठ घालून ठेचा होतो. आचेवर सी जीवनसत्त्व बरंच उडून जातं.

उपकेंद्रातली ताई:
बाईची सी जीवनसत्त्वाची दिवसाची गरज आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2020 मध्ये 65 मिलिग्रॅम धरली आहे. वीस म्हणजे त्याचा जवळपास तिसरा हिस्सा झाला. ज्या घरात पेरू-संत्रं सणावारालाच येतं तिथे मी याला थोडं म्हणणार नाही.

पुसदचा पोट्टा:
तिखटानं पोटात जखमा होतात म्हणते ना सारे? आमच्या आज्याले डॉक्टरनं मिरची पुरी बंद केली. मंग ते काय उगीच?

मेडिकलचा विद्यार्थी (नागपूर):
उगीच नाही. जठरातली जखम बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा दुखण्याच्या गोळ्या सतत घेतल्याने होते. या जिवाणूच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. मिरची ती जखम तयार करत नाही. पण ज्याला आधीच जखम, जळजळ किंवा मूळव्याध आहे त्याचा त्रास तिखटाने वाढू शकतो, म्हणून आजोबांना बंद केली ते बरोबरच.

व्हिडिओवाल्यांचा आयुष्य वाढण्याचा दावा बहुधा चीनमधल्या 2015 च्या अभ्यासातून आलेला असावा. सुमारे पाच लाख लोक होते. जवळपास रोज तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचा धोका 14 टक्के कमी दिसला. पण हे नुसतं निरीक्षण आहे. ते मिरचीमुळेच झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही.

मिरचीवाला (भिवापूर):
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. मी मिरची लावतो. फुलकिडे येऊन चुरडामुरडा पडला, म्हणजे पानं आकसून वळली की फवारणीशिवाय पीक हाती लागत नाही. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि तोडणीत किती दिवस सोडायचे ते लिहिलेलं असतं, पण भाव चढला की कितीतरी जण तेवढं थांबत नाहीत. कच्ची खा म्हणणाऱ्याने हेही सांगावं. धुतल्याने वरचं बरंच निघतं, अंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं औषध आतच राहतं. घरच्या खाण्यासाठी मी परसात चार झाडं वेगळी ठेवतो. त्यांना फक्त निंबोळी अर्क. फळ कमी लागतं, पण लेकरं कच्ची खातात तेव्हा मनात धाकधूक नसते.

वावरवाला:
फवारणीचं म्हणणं पटलं, परसातल्या झाडांचंही. माझा मुद्दा मात्र कायम आहे. मजुराच्या डब्यातली मिरची किती गुणाची हे सांगितलं की मजुरी देणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. पुढच्या निंदणाला दुपारचं वरण मी माझ्याकडून देणार आहे.

उपकेंद्रातली ताई:
जरूर द्या, आणि शिजताना त्यात मूठभर शेवग्याचा पाला टाका. मिरची मात्र ताटातून काढायला सांगू नका. त्या दिवशी ठेचा नको, कच्चीच राहू द्या.