घोडा शर्यतीच्या शेवटी दमून मागे पडतो. हृदयाच्या ठोक्यांच्या आकड्यावर किती विसंबायचं?

खरारा: माझा शर्यतीचा घोडा, वय ५. शेवटच्या ३०० मीटरमध्ये गळतो. जीपीएसवर ज्या वेगाला पूर्वी मिनिटाला २०० ठोके दिसत, त्याच वेगाला आता २२५. घोडा उभा असताना केलेल्या तपासणीत छाती स्वच्छ, रक्त ठीक. पुढची तपासणी कोणती?

नालबंद: आधी आकडाच तपासा. ठोके मोजणाऱ्या यंत्राचा एक इलेक्ट्रोड (त्वचेला टेकणारी पट्टी) डावीकडे खोगिराखाली, दुसरा तंगाखाली कोपरामागे. दोन्हीकडचे केस निथळेपर्यंत भिजवून वर जेल. कोरड्या केसांवर घाम सुटेपर्यंतचे आकडे हवेतलेच. चालताना ८० चे एकदम १६० झाले, तर यंत्र टी-लहरही (प्रत्येक ठोक्यामागून येणारी छोटी लहर) ठोका म्हणून मोजतंय. म्हणून ईसीजीची (हृदयाच्या विद्युत संकेतांची) रेघ साठवणारं यंत्र हवं, नुसतं आकडा दाखवणारं घड्याळ इथे कुचकामी. तुलना त्याच ट्रॅकवर, तशाच हवेत करा. उकाड्यानेही ठोके चढतात.

रिकीब: रेघ स्वच्छ आली की ठोक्यांमधलं अंतर बघा. ते वाटेल तसं बदलतंय आणि पी-लहर (ठोक्याआधीची छोटी लहर) नाही, तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं. कधी कधी ते २४ ते ४८ तासांत आपोआप जातं आणि दुसऱ्या दिवशीचा ईसीजी निर्दोष येतो. तेव्हा घोडा थांबल्यावरही यंत्र लगेच काढू नका. मात्र थांबल्यानंतर दोन-चार ठोके चुकले म्हणून घाबरू नका, निरोगी घोड्यातही चुकतात.

ठोके नियमित पण जास्त असतील तर पायाचं दुखणं शोधा, वेदनेनेही ठोके चढतात. डोकं, कंबर आणि उजव्या पुढच्या पायावर हालचाल मोजणारे सेन्सर लावून कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी, किमान २५ पावलं. डाव्या आणि उजव्या पावलावर होणाऱ्या वर-खाली हालचालीतला फरक डोक्याला ६ मिमी, कंबरेला ३ मिमीच्या वर आणि पावलोपावली तसाच राहिला, तर लंगडणं धरा. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर मात्र सेन्सर फसतो.

खरारा: ठोके नियमित, दुडकीतही फरक नाही. पण शेवटच्या टप्प्यात श्वास सोडताना घशात घरघर येते.

नालबंद: हे आधी सांगायचं! टाळूचा मऊ पडदा स्वरयंत्राच्या झाकणावर चढत असावा. उभ्या घोड्यात तो बहुधा जागेवरच दिसतो. लगामाला बांधायचा एंडोस्कोप (नाकातून घशात जाणारी कॅमेऱ्याची नळी) लावून शर्यतीच्याच वेगाने, पूर्ण अंतर पळवा. हलक्या रपेटीत घोडा दमत नाही आणि पडदाही हलत नाही. धावल्यानंतर ३० ते ९० मिनिटांत श्वासनलिकाही बघून घ्या, फुप्फुसातून रक्त आलं असेल तर तेव्हाच दिसतं.