एक उंट, एक प्यादं जास्त असून ड्रॉ कसा काय?

अमळनेरकर_पप्पा
नमस्कार मंडळी. काल पोराला घेऊन जळगावला बुद्धिबळाच्या अंडर ११ स्पर्धेला गेलतो. चौथ्या राऊंडला समोर धुळ्याची एक मुलगी, चष्मेवाली, एवढीशी. पालकांना हॉलमधे सोडत नाहीत म्हणून मी खिडकीतून पाहत होतो. पोराकडे पांढरी, शेवटी उंट आणि जी, एच या उजवीकडच्या शेवटच्या दोन उभ्या रांगांतली दोन प्यादी, तिच्याकडे राजा अन् एक घोडा. तिनं घोडा सरळ जी च्या प्याद्यावर आपटला, यानं उंटानं मारला, मी म्हटलं संपला गेम, चहा प्यायला गेलो अन् परत येतो तर ड्रॉ! तिचा राजा एच८ च्या कोपऱ्यात, आमचा पोरगा वीसेक चाली फिरला अन् शेवटी स्टेलमेट, म्हणजे तिला शह नाही पण चालही उरली नाही. आर्बिटरनं (पंचानं) घोळ केला का? पोरगं गाडीत अमळनेरपर्यंत बोललं नाही.

अडीच_घर
उंट पांढऱ्या घरांवर फिरणारा होता का?

अमळनेरकर_पप्पा
हो! स्कोअरशीट पाहून आत्ताच मांडला. कसं ओळखलं भो?

अडीच_घर
मग आर्बिटरचा काही संबंध नाही. एच८ काळं घर आहे, पांढऱ्या घरांचा उंट त्याला कधीच शह देऊ शकत नाही, म्हणून राजाला त्या कोपऱ्यातून हाकलता येत नाही. प्यादं पुढं ढकललं की स्टेलमेट, नाही ढकललं तर ५० चाली झाल्यावर ती ड्रॉ मागणार. हेच प्यादं ए वर असतं तर ए८ पांढरं, आरामात वजीर झाला असता. त्या पोरीनं घोडा आपटला नाही, मोजून दिला. जी चं प्यादं उरलं असतं तर ती हरलीच होती.

भरीत_कळणा
दादा पोऱ्याले बोलू नका, तेन्ही चूक नई शे. मी भुसावळला पोरांना शिकवतो, आमच्याकडं सगळे ओपनिंगच पाठ करतात, एंडगेम कोणालाच नको. मी स्वतः कॉलेजात असाच अर्धा पॉइंट घालवलाय, तेव्हा तर मी समोरच्याशी भांडलो बी होतो 😄 चूक झाली ती घोडा मारताना नाही, त्याच्या आधी, जी चं प्यादं घोड्याच्या तोंडी दिलं तिथं.

अमळनेरकर_पप्पा
रात्री जेवण झाल्यावर मी राजा घेऊन कोपऱ्यात बसलो, त्याला जिंकता येईना. मग बाजू बदलली, मलाबी येईना. तेव्हा कुठं हसला. आता विचारतोय, ती धुळ्याची पोरगी पुढच्या स्पर्धेला येणार का.